जिओकॅशिंगच्या वाटखुणांचे संकेतांक : वाचन व कालनिर्णय

रुमालावरील आंकडा आणि आंतील कागदाचें वय यांचा संबंध कितपत धरावा, हा प्रश्न दप्तरें चाळणाऱ्या आपल्या वाचकांस नवा नाहीं. आंकडा बांधणाऱ्याचा असतो, कागद लिहिणाऱ्याचा असतो. आणि दोहोंमध्यें कधीं दोन दिवसांचें तर कधीं दोन शतकांचें अंतर पडलेलें असतें. हाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही एका अगदीं अलीकडच्या साधनाविषयीं उपस्थित करीत आहों. तें साधन म्हणजे जीपीएस या उपग्रहपद्धतीनें स्थान दाखविणाऱ्या हातांतील यंत्रांत सांठविलेल्या वाटखुणांच्या याद्या. आणि त्यांतही जिओकॅशिंग या छंदाच्या मंडळींनीं केलेल्या याद्या. साधन पाव शतकाचेंच आहे खरें. परंतु त्याच्या वाचनांत चुकीस जागा पुष्कळ आहे, आणि कांहीं चुका तर अशा आहेत कीं, त्यांच्या योगानें नवी नोंद जुनी भासूं लागते. संग्राहकाच्या दृष्टीनें याहून घातक चूक नाहीं.

प्रथम परिभाषा. यंत्रांत स्थानाची जी एक एक नोंद होते तीस वेपॉइंट म्हणतात. आम्ही तीस वाटखूण म्हणूं. तींत स्थानाचे अक्षांश-रेखांश असतात आणि त्या जागेचें नांव किंवा क्रमांक असतो. जिओकॅशिंगचें स्वरूप थोडक्यांत असें : एक जण झाडाच्या मुळाशीं, दगडाआड वा पुलाखालीं डबा लपवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करितो, दुसरा यंत्र हातीं घेऊन तेथें जातो, डबा शोधतो, आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून परततो. या डब्यास मूळ शब्द कॅश असा आहे. रोख पैशाच्या कॅशशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो आला असून, उत्तर अमेरिकेंतील शिकारी व कातड्यांचे व्यापारी वाटेंत शिधा पुरून ठेवीत त्यास तो लावीत. मराठींत आम्ही ठेव हा शब्द योजितों. डबा गंजतो, वही भिजते, झाड पडतें. मागें उरते ती वाटखूण, आणि तिच्या माथ्यावरचा संकेतांक.

आतां उगमाकडे वळूं. तोंपर्यंत नागरी उपयोगाच्या उपग्रहसंकेतांत लष्करी कारणास्तव जाणूनबुजून दोष मिसळण्यांत येई, आणि त्यामुळें साध्या यंत्राची चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. हा दोष काढून टाकण्याचा निर्णय अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीं १ मे २००० रोजीं जाहीर केला व त्याच मध्यरात्रीं तो अंमलांत आला. चूक एकाएकीं दहा-वीस मीटरांवर उतरली. यानंतर दोनच दिवसांनीं, ३ मे रोजीं, ओरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञ गृहस्थांनीं एक काळी प्लास्टिकची बादली रानांत बहुतेक जमिनींत पुरून ठेविली. आंत वही, पुस्तकें, चित्रफिती, गलोल असे जिन्नस होते. घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. मग उपग्रहमार्गदर्शनाविषयींच्या यूजनेटवरील चर्चामंडळांत त्यांनीं जागा प्रसिद्ध केली : उत्तर ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम १२२ अंश २४.८०० कला. अशा खेळांतील ही पहिलीच ठेव होय, हेंही त्यांनीं निवेदनांत स्पष्ट म्हटलें. तीन दिवसांच्या आंत दोघांना ती सांपडली.

(कलेच्या सहस्रांशापर्यंतचे हे अंक पाहून वाचकानें अचूकतेविषयीं भलतीच समजूत करून घेऊं नये. अक्षांशांत कलेचा एक सहस्रांश म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, त्या वेळच्या यंत्राची चूकच याच्या कित्येक पट असे. यंत्रानें दाखविला म्हणून तो तिसरा अंक लिहिला गेला इतकेंच.)

प्रथम शोधणारे माइक टीग यांनीं पुढें इतरांनीं लपविलेल्या ठेवींचीं स्थानें एकत्र करून आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यास आरंभ केला. या छंदाचा हाच पहिला दप्तरदार. तोंवर खेळास स्टॅश-शोध असें म्हणत. परंतु स्टॅश या शब्दास इंग्रजींत चोरट्या मालाचा, विशेषतः अमली पदार्थांचा वास येतो, म्हणून मॅट स्टम यांनीं ३० मे २००० रोजीं जिओकॅशिंग हा शब्द सुचविला व तोच रूढ झाला. जुलै महिन्यांत जेरेमी आयरिश यांस टीग यांची यादी आढळली. आणि २ सप्टेंबर २००० रोजीं त्यांनीं जिओकॅशिंग डॉट कॉम हें संकेतस्थळ लोकांपुढें ठेविलें. त्या दिवशीं साऱ्या जगांत ज्ञात ठेवी ७५ होत्या. ही संख्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

या संकेतस्थळावर प्रत्येक ठेवीस एक संकेतांक मिळतो. त्याच्या आरंभीं जी आणि सी हीं दोन रोमन अक्षरें ठराविक असतात. त्यापुढील भाग हा खरा क्रमांक. (रोमन अक्षरें आम्ही उच्चाराप्रमाणें देवनागरींत लिहीत असून सोयीसाठीं मध्यें जोडरेघा घालीत आहों, मुळांत त्या नाहींत.) कॅन्सस राज्यांत मिंगो नांवाची एक प्रसिद्ध ठेव आहे. ती ११ मे २००० रोजीं ठेविलेली असून तिचा संकेतांक जीसी-३० असा आहे. नवखा वाचक ही तिसावी ठेव असें म्हणेल. तसें नाहीं. आरंभींचे हे क्रमांक दशमान गणनेंत नसून सोळांच्या गणनेंत आहेत. तींत ० ते ९ हे अंक नेहमींचेच. पुढें दहासाठीं ए, अकरासाठीं बी, असें पंधरासाठीं एफपर्यंत जातें, आणि १० हें सोळांचें चिन्ह होतें. म्हणून ३० म्हणजे तीन वेळां सोळा, अर्थात् ४८. शुहूर सनाचें सलास खमसेन मया अलफ वाचून ११५३ हा आंकडा तर बरोबर काढला, पण तो इसवी सनाचा समजला, तर जी फसगत होईल तशीच ही आहे. अंक ओळखीचे असले म्हणजे गणनाही ओळखीची असते असें नव्हे.

आतां मौजेची गोष्ट पाहा. अल्मर यांच्या त्या पहिल्या ठेवीचा संकेतांक जीसी-एफ असा आहे; म्हणजे पंधरा. जी काळानें पहिली, ती क्रमांकानें पंधरावी! याच्या जोडीस दुसरें उदाहरण युरोपांतलें आहे. आयर्लंडांत ब्रे हेड येथें ३ जून २००० रोजीं ठेविलेली, युरोपांतील पहिली म्हणून गणली जाणारी ठेव जीसी-४३, म्हणजे ६७ वी. आणि तिच्या मागाहून, जुलै महिन्यांत, बेल्जममध्यें ठेविलेली ठेव मात्र जीसी-४०, म्हणजे ६४ वी. काळाचा क्रम येथें सरळ उलटला आहे.

याचा उलगडा त्या ७५ च्या आंकड्यांत असावा. सोळांच्या गणनेंत ७५ हा आंकडा ४-बी असा लिहितात. संकेतस्थळ सुरू झालें त्या दिवशीं हातीं असलेल्या यादींतील ठेवींस एकामागून एक क्रमांक पडले असतील, तर जीसी-४-बीपर्यंतचे संकेतांक हे सप्टेंबर २००० मधील एका बैठकींतले ठरतात, आणि त्यांचा क्रम हा त्या यादीचा क्रम होय, ठेवी ठेवल्याचा नव्हे. पंधरा, अठ्ठेचाळीस, चौसष्ट, सदुसष्ट हे चारही क्रमांक पंचाहत्तरांच्या आंत येतात, ही गोष्ट या तर्कास पोषक आहे. तथापि हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. प्रमाण म्हणून एवढेंच सांगतां येईल कीं, या पहिल्या थरांत संकेतांकाच्या लहानमोठेपणावरून ठेवींचें ज्येष्ठकनिष्ठत्व ठरवूं नये.

मग पुढील थरांत ठरवावें काय? तेथेंही जपून. संकेतांक मिळतो तो ठेव मांडणारा आपल्या नोंदीचें पान उघडतो तेव्हां. प्रत्यक्ष डबा कधीं त्याआधीं ठेविलेला असतो, कधीं नंतर ठेविला जातो. आणि परीक्षकानें पाहून मान्य केल्यावरच नोंद लोकांस दिसूं लागते, तेव्हां मध्यें महिने लोटल्याचींही उदाहरणें आहेत. पत्र लिहिल्याची मिति व पत्र पावल्याची मिति आपण वेगळी धरितों. येथें तर मिति तीन आहेत : पान उघडल्याची, डबा ठेविल्याची आणि नोंद प्रसिद्ध झाल्याची. संकेतांक यांपैकीं फक्त पहिलीची साक्ष देतो. ती साक्ष मात्र भरंवशाची आहे, कारण एकदां दिलेला संकेतांक ठेव बंद झाली तरी पुन्हां दुसरीस देत नाहींत, आणि डबा बदलला तरी तोच चालतो.

येथवर क्रमांकाच्या अर्थाचें झालें. आतां त्याच्या रूपाकडे पाहूं. आणि आमच्या मतें सर्व प्रकरणांत हा भाग अधिक उद्बोधक आहे.

२००० सालीं गार्मिन कंपनीचें ई-ट्रेक्स नांवाचें पिवळें लहानसें यंत्र बाजारांत आलें व या छंदाच्या मंडळींत फार पसरलें. त्यांत ५०० वाटखुणा रहात. प्रत्येकीचें नांव फार तर सहा अक्षरांचें. अक्षरांचा पट्टा यंत्रावर नव्हता. कडेच्या बटणांनीं एक एक अक्षर वरखालीं सरकवून पसंत करावें लागे. ज्यास हा खटाटोप नको त्याच्यासाठीं यंत्र स्वतःच ००१, ००२, ००३ असे आंकडे घालीत जाई. सहा अक्षरांची ही चौकट एकट्या ई-ट्रेक्सची नव्हती; गार्मिनच्या आधींच्या जीपीएस-१२ या यंत्रांतही ती होती. संकेतांकाचीं जी आणि सी हीं दोन अक्षरें वजा केलीं तर क्रमांकास उरतात चार. सोळांच्या गणनेंत चार अक्षरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या एफ-एफ-एफ-एफ, म्हणजे ६५,५३५. ठेवी वाढत चालल्या तशी ही सीमा जवळ आली.

पांचवें अक्षर जोडावें तर नांव सहांत मावेना. तेव्हां अक्षरसंख्या न वाढवितां गणनाच बदलण्यांत आली : सोळांच्या जागीं एकतीस. दहा अंक आणि सव्वीस रोमन अक्षरें मिळून छत्तीस चिन्हें होतात. त्यांतून आय, एल, ओ, एस व यू हीं पांच गाळलीं. आय व एल यांचा एकाशीं, ओचा शून्याशीं, एसचा पांचाशीं आणि यूचा व्हीशीं घोटाळा होतो हें उघड आहे. जुन्या हस्तलिखितांत १ आणि ९ यांनीं ज्यांस कधीं रडविलें आहे, किंवा ख हें अक्षर र आणि व म्हणून ज्यांनीं एकदां तरी वाचलें आहे, त्यांस ही खबरदारी पटावी. सहा अक्षरांची चौकट राखणें हाच या बदलाचा हेतु होता असें आम्हांस वाटतें. कारण चौकटीचा प्रश्न नसता तर पांचवा अंक जोडणें हा सरळ मार्ग मोकळाच होता.

परंतु जुने संकेतांक तर छापले गेले, यंत्रांत शिरले, वह्यांत लिहिले गेले. ते बदलणें शक्य नव्हतें. नवी गणना पहिल्यापासून सुरू केली असती तर एकाच संकेतांकाचे दोन अर्थ झाले असते. यावर काढलेली तोड चतुर आहे. सोळांच्या गणनेंत जी हें अक्षरच नाहीं. म्हणून नवी गणना जी-०-०-० पासून धरली, आणि तो ६५,५३६ वा क्रमांक मानला. एकतीसांच्या गणनेनें जी-०-०-० चें खरें मूल्य ४,७६,६५६ येतें. त्यांतून ६५,५३६ वजा करितां ४,११,१२० उरतात. म्हणून जीपासून झेडपर्यंतच्या अक्षरानें सुरू होणारा संकेतांक वाचतांना एकतीसांच्या गणनेनें मूल्य काढावें व त्यांतून ४,११,१२० वजा करावे. हे चार लक्ष अकरा हजार एकशें वीस संकेतांक मध्येंच सोडून दिलेले आहेत. ते कोणासही कधीं मिळाले नाहींत. ही सोडलेली जागा संशोधकाच्या मोठ्याच उपयोगाची आहे, तें पुढें येईल.

उदाहरण म्हणून पुन्हां बीव्हरक्रीकलाच जाऊं. अल्मर यांची मूळ बादली नष्ट झाली. त्या जागीं २००३ सालीं एक स्मारकपट्टी बसविण्यांत आली आणि तीही ठेव म्हणून नोंदली गेली. तिचा संकेतांक जीसी-जी-व्ही-०-पी. नव्या वर्णमालेंत जी म्हणजे १६, व्ही म्हणजे २६ आणि पी म्हणजे २२. एकतीसांचा घन २९,७९१, वर्ग ९६१. सोळा गुणिले २९,७९१ म्हणजे ४,७६,६५६, सव्वीस गुणिले ९६१ म्हणजे २४,९८६, तिसरें स्थान शून्य, शेवटीं २२. बेरीज ५,०१,६६४. वजा ४,११,१२०, बाकी ९०,५४४. एकाच जागेस अशा रीतीनें दोन संकेतांक आहेत : एक पंधरावा, दुसरा नव्वद हजार पांचशें चव्वेचाळिसावा, एक सोळांच्या गणनेंतला, दुसरा एकतीसांच्या. नुसती संकेतांकांची यादी पाहणाऱ्यास या दोहोंचा कांहीं संबंध असेल अशी शंकाही येणार नाहीं. (त्या बादलींतील घेवड्याच्या दाण्यांचा डबा मात्र वांचला असून, या छंदाची मंडळी त्यास पूज्य अवशेषाप्रमाणें मानतात. आपण ताम्रपटांवर जीव टाकणारे. तेव्हां त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस कमीच.)

या नव्या गणनेनें चार अक्षरांत ५,१२,४०० पर्यंत मजल मारिली. झेड-झेड-झेड-झेड हा शेवट. पहिलें दशक सरण्यापूर्वींच तोही ओलांडला गेला, आणि जीसी-१-०-०-०-० पासून संकेतांक सात अक्षरांचे झाले. तोंपर्यंत नव्या यंत्रांची चौकट रुंद झाली होती. पण जुनीं पिवळीं यंत्रें लोकांच्या खिशांत होतींच. सात अक्षरें सहांच्या चौकटींत कोंबावयाचीं, तर एक अक्षर कोठून तरी जाणार. कित्येकांनीं संगणकाकडून आरंभीचीं जी आणि सी हीं अक्षरेंच गाळून घेतलीं. हा मार्ग निर्धोक. वाचणारा तीं मागाहून भरून घेऊं शकतो. परंतु जेथें उजवीकडचें अखेरचें अक्षर तुटलें तेथें अनर्थ झाला. नमुन्यादाखल जीसी-१-ए-बी-सी-डी हा संकेतांक घेऊं. वरील रीतीनें याचें मूल्य ८,२१,२६७. शेवटचें अक्षर तोडलें तर राहतें जीसी-१-ए-बी-सी. आणि हा सोळांच्या गणनेंतला अगदीं शुद्ध, जुना संकेतांक होतो, मूल्य ६,८४४. आठ लाखांवरची नोंद सात हजारांच्या आंत जाऊन बसली! कोणी लबाडी केली नाहीं, कोणी शाई जुनी दाखविली नाहीं. तरी कागद बनावट झाला.

असा तुटका संकेतांक ओळखावा कसा? येथें तीं सोडून दिलेलीं चार लक्ष नांवें साक्षीस येतात. जीसीच्या पुढें चार चिन्हें असून त्यांतील पहिलें अंक किंवा एफपर्यंतचें अक्षर असेल, आणि उरलेल्या तिहींत जीपासून झेडपर्यंतचें एखादें अक्षर असेल, तर तो संकेतांक कोणासही दिलेला नाहीं. तो निश्चित तुटलेला किंवा चुकीचा उतरलेला आहे. जीसी-१-जी-एच-जे असें यादींत आढळलें तर त्यावर वाद करण्याचें कारण नाहीं. परंतु तिन्ही चिन्हें एफच्या आंत असतील तर रूपावरून निर्णय होत नाहीं, आणि मग अक्षांश-रेखांशच विचारावे लागतात : त्या संकेतांकाची मूळ ठेव जेथें नोंदलेली आहे तेथेंच हे अक्षांश-रेखांश पडतात कीं दुसऱ्याच खंडांत, हें ताडून पाहिलें कीं झालें. हातानें उतरलेल्या प्रतींत आय, एल, ओ, एस वा यू दिसल्यास तो नकलकाराचा हस्तदोष समजून अनुक्रमें १, १, ०, ५ व व्ही असा पाठ घेऊन पाहावा.

या नियमास एक अपवाद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पुष्कळ ठेवी एका टप्प्याच्या नसतात. गाडी उभी करण्याची जागा, पायवाटेचा आरंभ, मधले टप्पे, शेवटचा डबा अशा तिच्या पोटखुणा असतात. त्यांस नवा संकेतांक न देतां मुख्य संकेतांकांतील जी आणि सी काढून त्या जागीं दोन चिन्हें घालतात. तीं ठेव मांडणाऱ्यानें निवडावयाचीं असतात. गाडीच्या जागेस पी-के, पहिल्या टप्प्यास एस-१, अखेरच्या जागेस एफ-एन अशीं तीं बहुधा दिसतात. शेपूट तेंच, डोकें निराळें. अक्षरसंख्या वाढत नाहीं, आणि कोणती पोटखूण कोणत्या ठेवीची हें शेपटावरून कळतें. या पहिल्या दोन चिन्हांत एस किंवा ओ आलें तर तो हस्तदोष नव्हे. पोटखुणांस स्वतंत्र ठेवी समजून मोजण्याचा प्रकार मात्र टाळावा. त्यानें एका माणसाची एका दिवसाची भटकंती चार दिवसांची होते.

संकेतांक सोडून लोकांनीं स्वतः दिलेल्या नांवांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. सहा मोठ्या रोमन अक्षरांत गांव, टेकडी, ओढा बसविण्यासाठीं स्वर गाळणें, शब्द आंखडणें हे उपाय सर्रास झाले. पुढें संगणकावर हें काम आपोआप करणारे जीसॅकसारखे कार्यक्रमही निघाले. राजश्रीचें रा॥ आणि चंद्राचें छ ज्यांच्या रोजच्या वाचनांत आहेत त्यांस या आंखडलेल्या नांवांचें भय वाटूं नये. अर्थ लावण्याची रीत तीच : एकाच हाताच्या पुष्कळ नोंदी एकत्र पाहाव्या, म्हणजे त्याचे संक्षेप उलगडतात. २००२ सालीं जीपीएक्स नांवाची, यंत्रायंत्रांत वाटखुणांची देवघेव करण्याची एक सामाईक लेखनपद्धति टोपोग्राफिक्स या संस्थेनें प्रसिद्ध केली. तींत नांव व वर्णन यांस वेगळे रकाने आहेत. त्यामुळें संकेतांक नांवाच्या रकान्यांत आणि ठेवीचें खरें नांव वर्णनांत अशी सोय झाली. ज्या याद्या या पद्धतींत वांचल्या त्यांचें वाचन सोपें. ज्या केवळ यंत्रांत राहिल्या त्यांचें कठीण.

सर्वांत कठीण ००१, ००२ अशा याद्या. यांतील आंकडा त्या यंत्राबाहेर निरर्थक असतो. तरी तो फेंकून देऊं नये. कारण यंत्र हे आंकडे खुणा केल्याच्या क्रमानें घालतें, आणि ओळीनें आलेल्या आंकड्यांवरून माणसानें कोणत्या वाटेनें प्रवास केला हें कळूं शकतें. मध्यें आंकडा तुटला असेल तर ती खूण पुसली गेली किंवा तिला मागाहून नांव दिलें गेलें, एवढें निष्पन्न होतें. लांबून पाहणाऱ्यानें घातलेला आंकडा नांवाची जागा कशी घेतो याचें थोर उदाहरण आपल्याच देशाच्या मोजणींत आहे. १८५६ सालीं मॉंटगोमरी यांनीं काराकोरमचीं शिखरें दुरून पाहून के-१, के-२ असे क्रमांक टांकले. के-१ ला मशेरब्रूम हें स्थानिक नांव होतें, तें कळल्यावर क्रमांक मागें पडला; के-२ चा क्रमांकच नांव होऊन बसला. पंधराव्या क्रमांकाच्या हिमशिखराची उंची २९,००२ फूट म्हणून त्याच १८५६ सालीं जाहीर झाली, आणि १८६५ सालीं त्यास एव्हरेस्ट यांचें नांव मिळालें. तिबेटी लोकांच्या तोंडचें चोमोलुंग्मा हें नांव तेव्हां कागदावर चढलें नाहीं. वाटखुणांच्या यादींत याच तिन्ही गति लहान प्रमाणावर पाहावयास मिळतात.

आतां संपादनाच्या रीतीविषयीं. ज्यांच्या संग्रहीं जुनीं यंत्रें किंवा त्यांवरून उतरून घेतलेल्या याद्या असतील त्यांनीं त्या नकलतांना क्रम बदलूं नये. यंत्र व संगणक संकेतांक अक्षरानुक्रमानें मांडतात, मूल्यानें नव्हे. म्हणून अशा यादींत जीसी-१-०-०-०-० हा पांच लाखांवरचा संकेतांक जीसी-३० च्या आधीं येतो, आणि सर्वांत जुन्या ठेवीचा जीसी-एफ हा जीसी-४३ च्याही मागें जातो. मूल्य काढून तें निराळ्या रकान्यांत लिहावें; मूळ पाठास हात लावूं नये, तुटका दिसला तरी तसाच ठेवून दुरुस्ती शेजारीं दाखवावी. यंत्राचा प्रकार लिहावा, म्हणजे नांवाची चौकट किती अक्षरांची होती हें कळेल. शिवाय यंत्रांत पृथ्वीच्या आकाराचें कोणतें गणित निवडलेलें होतें तें अवश्य टिपावें. जिओकॅशिंगचीं सर्व स्थानें डब्ल्यूजीएस-८४ या गणिताप्रमाणें देतात. परंतु अमेरिकेंतील जुने नकाशे १९२७ च्या गणिताचे असल्यानें कित्येक जण यंत्र त्यावर लावीत, आणि मग पश्चिम किनाऱ्याकडे तेच अंक शेकडो फुटांनीं दुसरीकडे नेतात. हिंदुस्थानांतील जुन्या मोजणीचे नकाशे एव्हरेस्टच्या १८३० सालच्या गणितावर आहेत, तेव्हां त्यांच्याशीं ताडून पाहिलेल्या येथील यादीसही हीच शंका विचारावी लागेल. हें एक टिपण नसेल तर संकेतांक शुद्ध, नांव शुद्ध, अंक शुद्ध असूनही जागा चुकते. जुन्या यंत्रांतील यादी उतरून घेण्यापूर्वीं त्यांत नवी खूण घालूं नये. पांचशेंची मर्यादा भरलेली असल्यास नव्या खुणेसाठीं जुनी पुसावी लागते, आणि पुसलेल्या खुणेची प्रत कोठेंही नसते.